व्हिंटेज गाडीच्या सस्पेन्शनबद्दल नियमात काहीतरी लिहा

मा. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री यांस,

सविनय नमस्कार.

२०२१ मध्ये आपल्या मंत्रालयाने ५० वर्षांहून जुन्या दुचाकी-चारचाकींसाठी व्हिंटेज नोंदणी आणली, ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नंबरप्लेट दिली. आम्हा जुन्या गाड्यांच्या वेड्यांना त्याचं अप्रूप आहेच. पण चासी, बॉडी किंवा इंजिनात फेरफार झाला तर गाडी व्हिंटेज नाही, एवढं सांगून नियम थांबतो. सस्पेन्शनचं, म्हणजे चाकं गाडीला जोडून धक्के पेलणाऱ्या यंत्रणेचं, नावही नाही. आणि जुन्या गाडीचा जीव पुढच्या चाकांपाशीच अडकतो.

माझी मॉरिस मायनर ही जुनी ब्रिटिश गाडी घ्या. पुढच्या चाकाचा भार टॉर्शन बार, म्हणजे पीळ खाऊन स्प्रिंगचं काम करणारी दांडी, पेलते. चाक ज्या उभ्या दांड्यावर वळतं, त्याला वर-खाली आट्यांचे ट्रनियन, म्हणजे फिरते सांधे. ग्रीस वेळेवर गेलं नाही की आटे झिजतात, आणि खालचा सांधा निसटला की चाक थेट गाडीखाली दुमडतं. वरची तऱ्हा आणखी न्यारी: तेलाच्या जुन्या शॉकअ‍ॅब्सॉर्बरचा हात हाच सस्पेन्शनचा वरचा आर्म. तेल गळून शॉक मेला तरी काढून फेकता येत नाही, कारण मग चाक वरून धरायला कोणी उरत नाही. म्हणून बरेच जण जुना शॉक नुसता सांधा म्हणून जागेवर ठेवतात आणि शेजारी टेलिस्कोपिक, म्हणजे नळीत नळी सरकणारा, शॉक लावतात. जुगाड वाटेल, पण नीट केला तर गाडी रस्ता छान धरते. मेख ब्रॅकेटमध्ये, म्हणजे नवा शॉक ज्यावर बसतो त्या आधारपट्टीत आहे. असले धक्के खाण्यासाठी जो पत्रा घडवलेलाच नाही, तिथे ब्रॅकेट बोल्टने आवळला तर आज ना उद्या चीर पडणार.

ही दुरुस्ती की फेरफार? नियम गप्प, म्हणजे निरीक्षकाच्या मर्जीवर. नोंदणी जाईल या धास्तीने मालक झिजलेला ‘ओरिजिनल’ भाग तसाच ठेवतो. रॅलीला, प्रदर्शनाला ती गाडी जाते मात्र सर्वांच्या रस्त्यावरूनच.

ब्रिटनने २०१८ मध्ये ४० वर्षांवरच्या गाड्यांना वार्षिक तपासणीतून सूट देताना हा प्रश्न टाळला नाही. सस्पेन्शनची पद्धत बदलणं हा तिथे मोठा बदल धरतात. पण मूळ प्रकारचे सुटे भाग वाजवी प्रयत्नांनी मिळत नसतील आणि गाडी टिकवण्यासाठी बदल केला असेल, तर तो चालतो. सुरक्षिततेसाठी केलेला बदलही चालतो.

आपल्याकडेही एवढं लिहून यावं. लेथवर करून घेतलेले बुश (सांध्यातल्या झिजणाऱ्या नळ्या), पिना आणि ट्रनियन ही दुरुस्तीच धरावी. टेलिस्कोपिक शॉकसारखा बदल ऑटोमोबाईल इंजिनिअरने ब्रॅकेट, वेल्डिंग, चाकाचे कोन आणि ब्रेक पाहून प्रमाणित करावा आणि त्याची नोंद आरसीवर व्हावी. चासी कापून दुसऱ्या गाडीचं अख्खं पुढचं सस्पेन्शन बसवणाऱ्याला मात्र खुशाल नाकारा. त्याची वकिली मी करणार नाही.

मसुदा काढाल तेव्हा हरकती मागवण्याआधी तो गाडीखाली झोपून काम करणाऱ्या दोन-चार मेकॅनिकांनाही दाखवा, ही विनंती.

आपला,
एक जुना गाडीवाला