वारसा ठरवताना वय कशाला विचारता?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दादरला गोखले रोडवर ‘पोर्तुगीज चर्च’ कुठे म्हणून विचारले तर कुणीही सांगेल. ते बांधले कुणी, यावर मात्र उत्तर ठरलेले: पोर्तुगिजांनी! मूळ चर्च सोळाव्या शतकातले, हे खरे. पण आज उभी आहे ती इमारत १९७०च्या दशकातली, चार्ल्स कोरिया यांची. त्याच्या थोडे आधी ते नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाचे मुख्य वास्तुविशारद होते, तेव्हा आम्हा नवी मुंबईकरांना तरी हे नाव ठाऊक हवे.

मी सरकारी खात्यात आरेखक म्हणून निवृत्त झालो. या चर्चमध्ये एका लग्नाला गेलो असता नवरानवरीपेक्षा छताकडेच जास्त पाहिले (यावर आमच्या सौ.चे मत वेगळे आहे). टोकदार कमानी नाहीत, नक्षी नाही. काँक्रीटचे शेल, म्हणजे कवचासारखी छते, आणि मध्ये उघडे चौक. तापलेली हवा शेलच्या माथ्यावाटे बाहेर जाते, चौकातली आत येते. वाड्याचेच गणित, फक्त काँक्रीटमध्ये सोडवलेले.

पण दगडी नाही, म्हणून आपण अशा इमारतीला वारसा म्हणायला कचरतो. दिल्लीचे हॉल ऑफ नेशन्स हे काँक्रीटचे प्रदर्शन-दालन (वास्तुविशारद राज रेवल, १९७२) साठ वर्षांचे नव्हते म्हणून वारसा यादीत बसले नाही आणि एप्रिल २०१७मध्ये पाडले गेले. काँक्रीट साठीची वाट बघत नाही हो! खाऱ्या हवेत आतली सळई गंजून फुगते, वरचे काँक्रीट सुटते, मग डागडुजीच्या नावाखाली पत्र्याची शेड चढते आणि मूळ आकार गेलाच.

आमच्या बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेज या वसाहतीची गोष्ट निराळी. तिथे कोरियांनी एकेका चौकाभोवती सात घरे मांडली. कुणाची भिंत कुणाला लागून नाही, कारण ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे घर वाढवावे हाच हेतू होता. लोकांनी वाढवले, काहींनी पाडून नवे बांधले. त्यांना नावे ठेवणे मला पटत नाही. चर्चचा आकार जपायला हवा; इथे जपायचे ते चौक. आणि नेमके तिथेच आता गाड्या लागतात.

उरलेल्या मूळ घरांची आणि चौकांची मोजमापे घेऊन सिडकोने व महापालिकेने नकाशे तरी करून ठेवावेत. वास्तुकलेचे विद्यार्थी हे काम एका सुट्टीत उरकतील. टेपचे दुसरे टोक धरायला मी येईन.

– एक निवृत्त आरेखक, सीबीडी बेलापूर