मुक्ताची परीक्षा आणि बाबांची मतपेटी

एडिसन, न्यू जर्सी
१८ एप्रिल २०२६

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

आई, गुडघ्याचा पट्टा रोज लावतेस ना? आम्ही सगळे बरे आहोत. थंडी गेली, पण सकाळी अजून स्वेटर लागतो.

हे पत्र खरं तर बाबांसाठी आहे, पण आई, तूच त्यांना वाचून दाखव. मध्ये तुझंही काम आहे.

मेमध्ये मुक्ताची अमेरिकन शासन आणि राजकारण या विषयाची परीक्षा आहे. इथे तिला एपी गव्हर्न्मेंट म्हणतात. शाळेत असतानाच कॉलेजच्या तोडीचा पेपर द्यायचा. तीन तास, सगळं संगणकावर. ८० मिनिटांत ५५ पर्यायी प्रश्न, मग १०० मिनिटांत चार लेखी उत्तरं. गुण १ ते ५. चांगले पडले तर बऱ्याच कॉलेजांत तो विषय पुन्हा घ्यावा लागत नाही. नऊ मूळ कागदपत्रं आणि सुप्रीम कोर्टाचे चौदा खटले नीट माहीत असायलाच हवेत. पेपरात एखादा अनोळखी खटला देतात आणि या चौदांतल्या एकाशी तो कुठे जुळतो, कुठे वेगळा पडतो, ते लिहायला सांगतात. म्हणजे नुसतं पाठ करून भागत नाही.

रात्री जेवणं झाली की ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर कार्डं पसरते आणि मी तिची उजळणी घेते. बाबा, तुम्ही जन्मभर नागरिकशास्त्र शिकवलंत आणि तुमच्याच मुलीने ते इतिहासाच्या पुस्तकाच्या शेवटी असतं म्हणून कायम शेवटच्या दिवसावर ढकललं. आता सेहेचाळिसाव्या वर्षी मी ते मन लावून वाचतेय, आणि पानापानावर तुम्ही आठवता.

गेल्या मंगळवारी बेकर विरुद्ध कार हा १९६२ चा खटला निघाला. टेनेसी राज्याने १९०१ नंतर साठ वर्षं विधानसभेचे मतदारसंघच बदलले नव्हते. लोक शहरात येऊन राहिले, शहरं फुगली, पण आमदारांची वाटणी जुनीच. गावाकडच्या एका मताला शहरातल्या कितीतरी मतांचं वजन. चार्ल्स बेकर नावाच्या गृहस्थाने दावा लावला. तोवर कोर्टं म्हणत होती की हा राजकारणाचा प्रश्न आहे, आम्ही यात पडणार नाही. सुप्रीम कोर्टाने सांगितलं, यात आम्ही लक्ष घालू शकतो. पुढे दोन वर्षांत एक माणूस, एक मत हे तत्त्व निकालांतून पक्कं झालं. मी मुक्ताला सांगितलं की आपल्याकडे लोकसभेच्या कुठल्या राज्याला किती जागा, हे अजून १९७१ च्या जनगणनेवर चालतं. ती म्हणाली, "मग आजोबांना काय वाटतं? बरोबर आहे का ते?" माझ्यापाशी उत्तर नव्हतं. तुमच्यापाशी असेल.

मग तिने विचारलं, "आजोबा इलेक्शनला नक्की काय करायचे?"

मी तिला १९९० ची विधानसभा सांगितली. तुम्ही केंद्राध्यक्ष, ड्युटी लागली होती जत तालुक्यातल्या आतल्या गावात. आईने पहाटे ज्वारीच्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली होती. तुम्ही दोन रात्रींनी घरी आलात, तेव्हा उजव्या अंगठ्यावर टपोरा फोड होता. मतपेटीला सील लावताना वितळलेली लाख अंगठ्यावर पडली होती. आई बर्नॉल शोधत होती आणि तुम्ही म्हणालात, "हात मागे घेतला असता तर सील बिघडलं असतं." मी तेव्हा दहा वर्षांची होते. वाक्य लक्षात राहिलं, त्यातलं काही कळलं नव्हतं. मुक्ता कार्डं खाली ठेवून ऐकत होती.

कारण बाबा, मतदान केंद्रावरचं काम आता तिलाही ठाऊक आहे. तुम्हाला फोनवर घाईत सांगितलं होतं, नीट सांगायचं राहिलं. न्यू जर्सीत सोळा-सतरा वर्षांच्या मुलांनाही मतदान केंद्रावर काम करता येतं. गेल्या ४ नोव्हेंबरला गव्हर्नरची निवडणूक झाली, त्या दिवशी तिने ते केलं. मतदान सकाळी सहा ते रात्री आठ, म्हणून अंधारात उठून मी तिला सोडून आले. इथे बोटाला शाई लावत नाहीत. यादीत नाव शोधायचं, मतदाराची सही घ्यायची आणि नोंदीतल्या सहीशी ताडून बघायची. एक म्हातारे गृहस्थ आले, त्यांचा हात थरथरत होता, सही पुरी व्हायला बराच वेळ लागला. मागे रांग होती, पण हिने त्यांना अजिबात घाई केली नाही. रात्री घरी आली ती पाय चेपत बसली आणि मला हेच सांगत राहिली. मला वाटलं, तुमचीच नात.

इथे आपल्यासारखा सगळ्या देशाच्या निवडणुका घेणारा एक आयोग नाही. निवडणुका राज्यं घेतात, प्रत्यक्ष काम काउंटी, म्हणजे इथला जिल्हा, करते, नियम राज्यागणिक वेगळे. मुक्ताला हे चांगलं वाटतं. मला आपला आयोग बरा वाटतो. यावर आमचं रोज भांडण.

एक गोष्ट मनाला लागते, ती तुम्हालाच सांगते. मी अजून ग्रीन कार्डवर आहे, इथे मला मत नाही. तिकडे मत द्यायचं तर स्वतः गावी यावं लागतं, आणि मतदानाच्या दिवशी मी कधीच तिथे नसते. म्हणजे एकोणीस वर्षांत मी कुठेच मत दिलेलं नाही. तुम्ही लोकांची मतं जपलीत, मुक्ताला ऑक्टोबरमध्ये अठरा पुरी होतील आणि नोव्हेंबरात ती पहिलं मत देईल. मधली मी तशीच राहिले. नागरिकत्वाचा अर्ज भरायचा की नाही, यावर मी खूप दिवस घुटमळते आहे. भारताचा पासपोर्ट परत द्यावा लागेल, या विचाराशी हात थांबतो. तुमचं मत हवंय. मला बरं वाटेल असं नको, खरं सांगा.

आता काम. नऊ कागदपत्रांत १७८७ सालचे दोन लेख आहेत. ब्रूटस या टोपणनावाने लिहिणारा म्हणतो, एवढ्या मोठ्या देशात लोकशाही टिकणार नाही, निवडून दिलेली माणसं लोकांपासून दूर जातील. जेम्स मॅडिसन म्हणतो, देश मोठा आहे म्हणूनच कुठलाही एक गट बाकीच्यांना दाबू शकणार नाही. मुक्ता मॅडिसनच्या बाजूची आहे. बाबा, तुम्ही ब्रूटसची बाजू घ्या आणि तिला सोडू नका. निबंधात विरोधी मुद्द्याला उत्तर द्यावं लागतं आणि तिथेच ती कच्ची आहे. तिचं मराठी अडखळलं तर थांबा, शब्द तिलाच शोधू द्या.

आई, तू शेजारी बस. त्या दोन रात्री तू घरी कशा काढल्यास, ते तिला तुझ्या तोंडून ऐकायचंय. मीही ते तुला कधी विचारलं नव्हतं.

शनिवारी तुमचे रात्रीचे आठ म्हणजे आमचे सकाळचे साडेदहा. व्हिडिओ लावते. बाबा, अंगठा कॅमेऱ्यासमोर धरा, तिला डाग बघायचाय.

तुमची,
सुनी