तिने चेंडू मागे का दिला?

प्रिय तोफ,

हे फोनवर सांगितलं असतं तर पहिल्याच मिनिटाला तू मध्ये तोंड घातलं असतंस, आणि गोष्ट बाजूला राहून आपलं जुनं भांडण जुंपलं असतं, त्या हरलेल्या सामन्यात मी चेंडू तुला न देता लंबूला का दिला, हेच. पत्रात तुला मध्ये बोलता येत नाही, म्हणून पत्र. माझी तब्येत बरी आहे, पाठ अधूनमधून धरते, घरी सगळे मजेत.

तर, परवा मी एक सिनेमा पाहिला आणि तेव्हापासून तुझ्याशिवाय दुसरं कोणी सुचत नाहीये. प्रदर्शनाच्या आधी प्रेक्षकांना काय वाटतं ते बघण्यासाठी फुकट दाखवतात ना, तसला खेळ होता. सिनेमाचं नाव आणि नटनट्यांची नावं कुठे सांगायची नाहीत, असं आत जातानाच कबूल करून घेतलं आणि फोन पिशवीत घालून पिशवीला सील लावलं. तेव्हा नाव विचारू नकोस. विषय ऐक. मुलींचा व्हॉलीबॉलचा संघ. खूप हसवणारा, आणि शेवटी पोटात कालवाकालव करणारा.

आता सरसावून बसली असशील. बस.

फुकटचा प्रेक्षक मला फार आवडला, हे आधी सांगते. त्याला तिकिटाचे पैसे वसूल करायचे नसतात. कंटाळा आला तर तो चुळबुळतो, उठतो, आणि आवडलं तर हातचं न राखता हसतो. सिनेमात आपल्या व्हॉलीबॉलच्या सरांसारखाच एक प्रशिक्षक आहे, तोंडातली शिट्टी न काढता बोलणारा. पहिल्यांदा तो चिडून ओरडायला गेला आणि शब्दांऐवजी लांबलचक शिट्टीच वाजली, तेव्हा थिएटर असं फुटलं की पुढची दोन-तीन वाक्यं कोणालाच ऐकू आली नाहीत. मला लंबूवर ओरडताना शिट्टी गिळता गिळता वाचलेले आपले सर आठवले. तू मैदानात लोळून हसलीस आणि फेऱ्या मात्र सगळ्या संघाला माराव्या लागल्या. तो हिशेब अजून बाकी आहे, लक्षात ठेव.

सिनेमावाली माणसं मागच्या रांगेत बसली होती. ती पडद्याकडे कमी आणि आमच्या डोक्यांकडे जास्त बघत होती. हसू कुठे फुटलं, किती वेळ टिकलं, कुठे फुटायला हवं होतं आणि फुटलं नाही. विनोदी सिनेमाला हे पाहावंच लागतं, कारण नाटकातला नट हशा ओसरेपर्यंत थांबू शकतो, पडद्यावरच्याला थांबता येत नाही. मार्क्स बंधू या अमेरिकी विनोदी नटांनी १९३५ च्या ‘अ नाइट ॲट द ऑपेरा’साठी त्यातले विनोदी प्रसंग चित्रीकरणाच्या आधी गावोगावच्या रंगमंचांवर करून पाहिले होते, लोक किती वेळ हसतात ते मोजून घेतलं होतं. त्यामुळे आमच्या हशात बुडालेली ती दोन-तीन वाक्यं पुढच्या आवृत्तीत थोडी सरकलेली असतील, आणि ते उत्तमच होईल. इथपर्यंत माझी काहीच तक्रार नाही.

गुणांचा घोळ तर तुला सांगायलाच हवा. सिनेमातला काळ आपला आहे, म्हणजे सर्व्हिस आपली असेल तरच गुण, सेट १५ चा. आजूबाजूला बसलेल्यांना २५ गुणांचा, सर्व्हिस कोणाचीही असो, प्रत्येक रॅलीला गुण मिळणारा खेळ माहीत. पडद्यावर आपल्या मुली जिवाच्या आकांताने रॅली जिंकतात आणि फलक हलतच नाही! माझ्या शेजारचे काका मोठ्याने म्हणाले, “अहो, गुण द्या की त्यांना!” सगळे हसले, पण प्रसंग हसण्याचा नव्हता. बरं, जरा कुठे लोकांना ते कळतंय तोवर पाचवा सेट आला आणि त्यात प्रत्येक रॅलीला गुण. निर्णायक सेटचा तो नियम १९८८ मध्येच बदलला होता, बाकीचे सेट जुन्याच पद्धतीने चालू राहिले, हे तुला आणि मला ठाऊक. त्या सभागृहात आणखी कितीजणांना असणार? लोक गोंधळले, एकमेकांना विचारू लागले, आणि पाचव्या सेटची पहिली काही मिनिटं त्यातच वाया गेली. शेवटी मत लिहायला कार्डं दिली, त्यावर मी हे सविस्तर लिहिलं. समालोचकाच्या तोंडी एक वाक्य टाकलं तरी काम होईल.

आता शेवट. नीट वाच आणि चिडू नकोस.

पाचवा सेट, १३-१४. समोरच्या संघाची सर्व्हिस. मागून चेंडू छान उचलला जातो, लिफ्टरच्या डोक्यावर. आता तो कोणाला मारायला उचलून द्यायचा ते तिने ठरवायचं, मी ठरवायचे तसंच. चार नंबरला, जाळ्याच्या डाव्या टोकाला, आपल्या मुलींची स्टार उभी आहे, म्हणजे तूच, तशीच पाय आपटत, तशीच “दे! दे!” ओरडत. आणि तिच्यासमोर जाळ्यापलीकडे दोघी आधीच ब्लॉकसाठी हात वर करायच्या तयारीत. सगळ्या सिनेमाभर प्रत्येक कठीण चेंडू त्या लिफ्टरने स्टारलाच दिलेला आहे, त्यामुळे समोरच्या संघालाही तेच अपेक्षित आहे. ती पाठ वाकवते आणि चेंडू मागे देते. दोन नंबरला, उजव्या टोकाच्या, संघातल्या सगळ्यात बुजऱ्या पोरीला. तिच्यासमोर ब्लॉक नाही. जाळं मोकळं. ती उडी मारते, मारतेही नीट, आणि चेंडू मागच्या रेषेच्या वीतभर बाहेर पडतो. खेळ संपला.

तोफ, तुला शपथ घालून सांगते, त्या क्षणी कुठून तरी मागून एक बाई ओरडली, “अगं, तिला का दिलास!”

अगदी हेच शब्द. तू कमरेवर हात ठेवून जे म्हणाली होतीस ते. मला घाम फुटला. वळून पाहिलं की तू आली आहेस की काय.

मी आजही सांगते, आणि आज जास्तच ठामपणे सांगते, की लंबूला दिलेला तो चेंडू बरोबर होता. तुझ्यासमोर दोघी होत्या. लंबूसमोर कोणी नव्हतं. लिफ्टरने पाहायचं असतं ते जाळ्यापलीकडे. तू म्हणशील की दोघींच्या हातांवरून बाहेर मारायला तुला येत होतं. येत होतं, मान्य. पण त्या दिवशी तुझा खांदा किती दुखत होता ते तू सरांना सांगितलं नसलंस तरी मला माहीत होतं. पट्टी मीच बांधली होती.

असो. भांडण पुढच्या भेटीत. मला काळजी वेगळीच लागून राहिली आहे.

सिनेमा संपल्यावर सगळ्यांना कार्डं वाटली. एकूण कसा वाटला, त्याला पाच चौकोन, उत्तमपासून वाईटपर्यंत. ओळखीच्यांना बघायला सांगाल का? कुठलं पात्र आवडलं, कुठला प्रसंग नकोसा झाला, कुठे रेंगाळला? वय किती, स्त्री की पुरुष? वरच्या दोन चौकोनांत किती खुणा पडल्या त्याची बेरीज म्हणे ही माणसं सगळ्यात आधी बघतात. मग वीसेक जणांना पुढच्या रांगांत बसवून घेतलं, त्यात मी होते. एक मुलगी प्रश्न विचारत होती, फार गोड बोलणारी, चेहऱ्यावर कसलाच भाव न येऊ देणारी. तिने विचारलं, शेवट कोणाला आवडला? मोजके हात. संघ जिंकायला हवा होता असं कोणाला वाटतं? हातांचं रानच उगवलं.

एक गृहस्थ म्हणाले, “हरवायचंच होतं तर एवढं हसवलं कशाला?” हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाहीये. त्यांचा राग खरा होता. दीड-दोन तास त्या पोरींवर त्यांनी जीव लावला होता आणि कोणीतरी त्यांच्या हातातून काहीतरी काढून घेतलं होतं. दुसरं कोणी म्हणालं, निदान चेंडू स्टारला तरी द्यायचा, ती हरली असती तर पटलं असतं. मग शाळकरी वाटणारी एक मुलगी उभी राहिली आणि हळू आवाजात म्हणाली, “पण तिने बरोबर दिला होता.” बस्स, एवढंच बोलून खाली बसली. मला उठून तिला मिठी मारावीशी वाटली. मी बोलले, बरंच बोलले. ब्लॉकचं सांगितलं, बुजऱ्या मुलीवर पहिल्यांदा कोणीतरी विश्वास टाकला हे सांगितलं, आणि चेंडू बाहेर गेला म्हणून तो विश्वास चुकीचा ठरत नाही हेही. प्रश्न विचारणारी लिहून घेत होती. काय लिहीत होती देव जाणे.

आता मला झोप लागत नाही ती याचीच. हे लोक शेवट बदलतील. ती पोरगी मारेल, चेंडू रेषेवर पडेल, सगळ्या मिठ्या मारतील, वरच्या चौकोनांत खुणा वाढतील.

घरी आल्यावर मी यावर खूप वाचलं. ऑर्सन वेल्स या अमेरिकी दिग्दर्शकाचा ‘द मॅग्निफिसंट अँबरसन्स’ १९४२ मध्ये पोमोना नावाच्या गावात असाच आधी दाखवला होता. लोक भलत्या ठिकाणी हसले, कार्डांवर वाईटसाईट लिहून गेले. वेल्स तेव्हा ब्राझीलमध्ये होता. त्याच्या मागे स्टुडिओने ४० मिनिटांहून जास्त भाग कापला, शेवट नवा चित्रित करून गोड केला आणि कापलेली फिल्म नष्ट केली. मूळ लांबीची एखादी प्रतही आजवर कोणाला सापडलेली नाही. वाचून माझ्या हातापायांतलं बळ गेलं. उलट १९७६ बघ. ‘रॉकी’तला बॉक्सर शेवटच्या लढतीत पंचांच्या निकालावर हरतो, आणि त्या सिनेमाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. त्याच वर्षीचा ‘द बॅड न्यूज बेअर्स’, पोरांच्या बेसबॉलचा, आपल्या ह्या सिनेमासारखाच हसवणारा, त्यातली पोरंही अंतिम सामना हरतात. लोकांनी दोन्ही डोक्यावर घेतले. म्हणजे हरलेल्यांवर प्रेम करणं लोकांना जमतं. त्यांना नुसतं “हरलेलं आवडलं का?” असं विचारलं की ते नाही म्हणतात. कोणाला आवडेल?

माझं म्हणणं असं आहे, आणि तू यावर विचार करून लिही. कुठे कंटाळा आला, कुठे कळलं नाही, हे प्रेक्षकाइतकं खरं कोणी सांगू शकत नाही. गुणांचा घोळ त्यांनी बरोबर पकडला. मधला प्रेमप्रकरणाचा तुकडा चालू असताना बाहेर जाणाऱ्यांची रांग लागली, तो तुकडा खुशाल कापावा. पण शेवटाबद्दल त्यांनी कार्डावर लिहिलं ते वेगळं आणि अंधारात मी पाहिलं ते वेगळं. शेवटच्या रॅलीला एकही माणूस हललेला नव्हता. शेजारचे काका खुर्चीच्या टोकाला आले होते. चेंडू बाहेर पडल्यावर जो “आई गं” उमटला तो शेकडो गळ्यांतून एकदम. आणि मी बाहेर आले तेव्हा दारापाशी, जिन्यावर, रस्त्यावर लोक वाद घालत होते, द्यायला हवा होता की नको. एक जोडपं तर हात वर करून ब्लॉक कसा होता ते दाखवत होतं. ज्यांनी आयुष्यात व्हॉलीबॉल हातात धरला नसेल अशी माणसं, तोफ! त्यांच्यासमोर चेंडू कोणाला उचलून द्यायचा हा प्रश्न टाकून त्यांना घरी पाठवणारा सिनेमा मी दुसरा पाहिलेला नाही. चेंडू आत पडला असता तर कोणी एक शब्द बोललं नसतं. पाठ थोपटून सगळे घरी गेले असते. आपणही त्या दिवशी जिंकलो असतो तर तू आणि मी आज कशावर बोलत असतो?

आणि आणखी एक. हरल्यावरचा एक प्रसंग आहे, मुली जाळं सोडवून गुंडाळतात. कोणी बोलत नाही. प्रशिक्षक शिट्टी खिशात टाकतो आणि खांब उचलायला येतो. बऱ्याच जणांनी हा भाग “संथ” म्हणून लिहिला असणार, कारण माझ्या पुढची मंडळी तेव्हा चपला शोधत होती. तो कापला तर मी काय करू? बुजरी पोरगी आणि स्टार तिथे जाळ्याची दोन टोकं धरून समोरासमोर येतात. लंबूला त्या दिवशी तू घरापर्यंत सोडायला गेली होतीस, माझ्याशी न बोलता. मला कळलं होतं गं. तेव्हापासून तुझ्यावर मला खरा राग धरताच आला नाही.

तुझं काय? बदलीचं झालं का पक्कं? आईंच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं असं धाकटीकडून कळलं, बरं वाटलं. लेकीला खेळायला पाठवतेस की नाही? तिची उंची तुझ्यावर गेली असेल तर वाया घालवू नकोस. जुळ्यांचा पत्ता मिळाला असेल तर कळव.

हो, एक राहिलं. निघताना त्यांनी फोन नंबर लिहून घेतलाय. काटछाट झाल्यावर पुन्हा एकदा दाखवणार आहेत असं ऐकलं, आणि बोलावलं तर सोबत एकाला नेता येतं. तू ये. रजा टाक, काहीही कर, पण ये. शेवट तोच असला तर बाहेर येऊन पोटभर भांडू. बदललेला असला तर कार्डावर दोघी मिळून लिहू, आणि तुझं अक्षर मोठं आहे, तेव्हा लिहायचं तू. गुडघ्याला डॉक्टर काय म्हणाले ते उलटटपाली कळव.

तुझीच,
लिफ्टर