तात्यांनू, ती तार तुम्ही दाखवलीत

तात्यांनू, सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुमची नात तुम्हाला मोबाइलवर वाचून दाखवील. आपल्या देवगड तालुक्यातल्या चार बागायतदारांनी ते वाचावं, म्हणून उघड लिहितेय.

माझा कुत्रा काळू रात्रभर घरी आला नाही, ती कार्तिकातली सकाळ तुम्हाला आठवत असेल. कलमांच्या वरच्या अंगाला, दगडी कुंपणाचा गडगा जिथं ढासळलाय तिथं तो उभा होता. भुंकत नव्हता, नुसता थरथरत होता. त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि बोटांना काळपट डाग लागला, तेव्हा कळलं की कमरेत काहीतरी रुतलंय. एका हाताच्या अंतरावर असूनही ती तार मला दिसली नव्हती.

मी ओढायला लागले. मागून तुमचा आवाज आला, "ओढू नको! ओढलंस काय आवळता." लाकडाची मोळी टाकून तुम्ही धावत आलात. खांद्यावरचा पंचा काळूच्या डोळ्यांवर टाकलात, मला त्याला तार बांधलेल्या खुंटाच्या दिशेनं सरकवून धरायला लावलंत, म्हणजे तारेचा ताण गेला. मग कोयत्यानं खुंट तोडलात आणि करवंदीची बारीक काडी तारेखाली सरकवत फास थोडा थोडा सैल केलात. तेवढा वेळ काळूनं श्वास धरला होता आणि मीही.

पण मला आज आभार मानायचेत ते त्यानंतरच्या गोष्टीचे.

तुम्ही ती तार फेकली नाहीत. मोटारसायकलच्या क्लचची जुनी वायर होती. तुम्ही ती वाकवून सोडलीत, ती टुणकन सरळ झाली. विस्तवात घातली असती तर लुळी पडली असती, म्हणालात, ही उकळलीय. मग नाकाशी धरून हुंगलीत आणि बराच वेळ गप्प बसलात. तुमच्या लहानपणी घरी सुती जाळी ऐनाच्या सालीच्या पाण्यात उकळून रंगवत, खाऱ्या पाण्यात सूत कुजू नये म्हणून. त्याच सालीचं पाणी जस्त उडालेल्या लोखंडाला लागलं की ते काळंनिळं होतं, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा मला हिरडा आणि लोखंडाच्या शाईची आठवण झाली. नायलॉन आलं, जाळी रंगवणं थांबलं, आणि ती विद्या कुणीतरी फासकीला, म्हणजे रानडुकरांसाठी लावायच्या तारेच्या फासाला लावली.

नंतर मी वाचलं की अमेरिका-कॅनडात परवाना काढून, ठरलेल्या हंगामात सापळे लावणारे लोकही नव्या केबलचं तेल आणि चमक घालवायला ती खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात उकळतात. मग अक्रोडाच्या टरफलांत किंवा लॉगवूड नावाच्या झाडाच्या लाकडात उकळून तिला काळपट-तपकिरी रंग देतात. तिकडचे नियम तिकडे. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं फास लावणं हीच शिकार धरलीय, मग त्यात डुक्कर सापडो की काही न सापडो. आणि तार काही डुक्कर ओळखत नाही. राजापूर, लांजा, संगमेश्वर, कुठं ना कुठं फासकीत कमरेला अडकलेल्या बिबट्याची बातमी येतच असते.

तुम्ही मला शिकवलंत, "तार बघू नको, वाट बघ. तार माणूस लपयता, डुकराची वाट कोण लपयतलो?" गडग्याच्या चिऱ्यांना चिकटलेले राठ केस, झाडाच्या बुंध्याला गुडघाभर उंचीवर घासलेला चिखल, एकाच बाजूला निजलेलं गवत. आणि जिथं वाट उगाच अरुंद झालीय, दोन्हीकडे ताज्या तोडलेल्या काटक्या रोवल्यात, तिथं पाय थांबव. 3 रविवार आपण पऱ्यापासून, म्हणजे ओढ्यापासून, कातळापर्यंत फिरलो. 11 फासक्या. पहिल्या 4 तुम्हाला दिसल्या, शेवटच्या 2 मला.

वनविभागाच्या 1926 या हेल्पलाइनवर फोन केला, वनरक्षक आले, पंचनामा झाला. त्याआधी मी एका माणसाकडे गेले होते, तो म्हणाला, "कुत्रोच तो, वाचलो ना?" ते शब्द अजून टोचतात.

आणि वाडीची बैठक. तुला एवढं कसं माहीत, असं कुणीतरी तिरकसपणे विचारलं. तुम्ही उठून सांगितलंत की तरुणपणी तुम्हीही फास लावलेत, काथ्याच्या दोराचे. डुक्कर तो चावून तोडायचं, वायर तुटत नाही. ऐंशीच्या घरातल्या माणसानं भरल्या बैठकीत हे सांगायला किती बळ लागलं असेल! तुम्ही कुणाचं नाव घेतलं नाहीत. एका रात्रीत डुकरं सुरणाचा वाफा उलथून टाकतात, भात लोळवतात, ते दुःख तुम्हाला माहीत आहे. नुकसानीचा अर्ज वेळेत करा, कागद मी लिहून देतो, एवढंच बोललात. त्यानंतर दोघांनी तुमच्या पडवीत बसून अर्ज लिहून नेले. पुढच्या आठवड्यात तिघांनी आपणहून तारा आणून दिल्या.

काळूच्या कमरेभोवती आता पांढऱ्या केसांचा पट्टा आलाय. तो तुमच्या बेड्यापाशी, फाटकाजवळ, जाऊन बसतो, हाक मारली तरी उठत नाही.

मोहोर फुटायला लागलाय, फवारणीची माणसं मंगळवारपासून येतील. त्याआधी पऱ्यापलीकडची बाजू बघायची राहिलीय. सोमवारी सकाळी दव असतानाच येते, गवत निजलेलं तेव्हाच नीट दिसतं. तुमच्या गुडघ्यांना जमेल तेवढंच चाला. पुढचं मी बघते.

तुमची,
वरच्या बागेतली