मागावर जाणारे कान

महोदय,

इचलकरंजीत यंत्रमागाच्या खडखडाटाला कोणी गोंगाट म्हणत नाही. उलट तो थांबला की गल्लीतली माणसे दाराबाहेर येऊन 'वीज गेली काय?' असे विचारतात. या सवयीपायीच मागावरच्या माणसाचे कान कधी गेले, हे त्याला स्वतःलाही कळत नाही. माझ्या वडिलांनी ३२ वर्षे धोट्याचे, म्हणजे आडवा धागा धोट्याने इकडून तिकडे फेकणारे माग चालवले. आज त्यांना बोललेले ऐकू येते, पण उमगत नाही. माझा जाड आवाज त्यांना समजतो, नातीचा बारीक आवाज समजत नाही. आईने 'साखर' म्हटले की ते भाकरीची दुरडी पुढे करतात आणि शेजारी बसूनही कुकरची शिट्टी त्यांना जाणवत नाही. घरात आम्ही सर्वांनी हे वयावर ढकलले होते. कानाची तपासणी केली तेव्हा वरच्या पट्टीतले आवाज टिपणारी बाजू पार खचलेली दिसली. गोंगाटाने जाणारे कान बहुधा वरच्या पट्टीत, ४००० हर्ट्झच्या आसपास आधी खचतात, कारण आतल्या शंखाकृती भागातील तेथल्या आवाज टिपणाऱ्या केसपेशी प्रथम मरतात, आणि माणसात त्या पुन्हा तयार होत नाहीत.

८५ डेसिबलचा आवाज दिवसाला ८ तासांपर्यंत सोसावा आणि पुढे दर ३ डेसिबलला ती वेळ निम्मी करावी, असा कामाच्या जागेसाठीचा एक प्रचलित दंडक आहे. त्या हिशेबाने ९४ डेसिबलला जेमतेम तासभर मिळतो. धोट्याच्या मागांच्या शेडमधील आवाज सहज नव्वदीच्या पुढे जातो आणि पाळी मात्र अनेक ठिकाणी बारा तासांची असते. त्यावर हल्लीची तरुण मुले कानांत इअरफोन घालून, मागाच्या आवाजातही ऐकू यावीत म्हणून पूर्ण आवाजात गाणी लावतात, हे पाहून मला फार काळजी वाटते.

कान वाचवायला कापसाचा बोळा पुरेसा नाही. फोमची बुचे स्वस्त मिळतात, पण ती बसवायला शिकवावे लागते: बूच बोटांत वळून बारीक करायचे, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर व मागे ओढायचा, बूच आत सरकवून ते फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवायचे. बुचे घातली तर मागाचा बिघाड ऐकू येणार नाही, ही माग दुरुस्त करणाऱ्या जॉबर मंडळींची शंका प्रामाणिक आहे. परंतु बुचे सगळाच आवाज उतरवतात, त्यामुळे ज्याचे कान अजून शाबूत आहेत त्याला बदललेला ठोका ओळखता येतो. ज्याचे कान गेले, त्याला तो बुचांशिवायही ओळखता येत नाही.

गोंगाटाने येणारा बहिरेपणा १९४८ च्या कारखाने कायद्याच्या परिशिष्टात व्यावसायिक आजार म्हणून नोंदला गेला. तरीही लहान शेडमध्ये कोणाचे कान तपासल्याचे माझ्या पाहण्यात नाही. कारखानदारांच्या संघटनांनी प्रत्येक पाळीला बुचे पुरवावीत आणि महापालिकेच्या दवाखान्यांत मागवाल्यांसाठी वर्षातून एकदा श्रवणचाचणी ठेवावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे. नव्याने मागावर येणाऱ्या मुलाची पहिली चाचणी त्याने माग हाती घेण्याआधीच व्हावी, म्हणजे पुढे त्याचे कान किती गेले हे कागदावर दाखवता येईल.

आपला,
एका माग कामगाराचा मुलगा, इचलकरंजी