फॉर्म्युला फोर दोन आहेत हो, एक नाही!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी तुमच्या खेळाच्या पानावर मोटर रेसिंगबद्दल चार कॉलम बातमी आली, त्याबद्दल आधी आभार, कारण आमच्याकडे क्रिकेट सोडून चार कॉलम मिळणं म्हणजे लॉटरीच. पण बातमी वाचून माझ्या गॅरेजमधल्या पोराने मला विचारलं की "काका, नारायण कार्तिकेयन पण या फॉर्म्युला फोरमधूनच वर गेला ना, पेपरात लिहिलंय", तेव्हा हे पत्र लिहिणं भाग पडलं. कारण तुमच्या वार्ताहराने दोन वेगळ्या गाड्या, दोन वेगळ्या चॅम्पियनशिप आणि मधली 35 वर्षं असं सगळं एका मिक्सरमध्ये टाकून फिरवलंय. फोटो पण चुकलाय. खाली लिहिलंय एलजीबी फॉर्म्युला फोर, म्हणजे आपली देशी गाडी, आणि फोटोतल्या गाडीत ड्रायव्हरच्या डोक्यावर ती कोल्हापुरीच्या अंगठ्यासारखी कमान स्पष्ट दिसतेय, तिला हेलो म्हणतात, डोकं वाचवायला असते, आणि ती गाडी एफआयए, म्हणजे मोटर रेसिंगची जागतिक संघटना, तिच्या इंपोर्टेड फोरची आहे.

तर नीट सांगतो. नारायण एफ वनमध्ये, म्हणजे फॉर्म्युला वन या सगळ्यात वरच्या पायरीवर, गेला 2005 साली, जॉर्डन टीमकडून. आणि एफआयएची नॅशनल फॉर्म्युला फोर ही भानगड जगात सुरू झाली 2014ला, आपल्याकडे त्याचा पहिला सीझन 2023ला झाला. मग नारायण त्यातून वर कसा जाणार, टाइम मशीनने? तो सुरुवातीला जी गाडी चालवायचा तिचं नाव फॉर्म्युला मारुती, आणि तिच्यात इंजिन होतं तुमच्या आमच्या मारुती 800चं. हो तेच, 796 सीसी, तीन सिलेंडर, जे मी आयुष्यभर उघडलं आणि परत बसवलं.

ही गाडी बनवली कोईम्बतूरच्या एस. करिवर्धनने. सगळे त्याला करी म्हणायचे. ऑफिशियल नाव फिसमे, म्हणजे फॉर्म्युला इंडिया सिंगल सीटर मारुती इंजिन, असं सरकारी फाइलीवर शोभणारं नाव, त्यामुळे लोकांनी सरळ फॉर्म्युला मारुतीच म्हटलं. 80च्या दशकाच्या शेवटी शेवटी ती आली. त्याआधी आपल्याकडे रेस व्हायच्या मद्रासजवळ शोलावरमला, दुसऱ्या महायुद्धातली जुनी धावपट्टी, त्यावर ड्रम आणि गवताच्या पेंढ्या लावून ट्रॅक करायचे, आणि ग्रिडवर, म्हणजे रेस सुटायच्या रांगेत, काय वाटेल ते उभं असायचं. पैसेवाल्यांच्या बाहेरून आणलेल्या गाड्या एकीकडे (विजय मल्ल्या तर जुनी एन्साइन एफ वन गाडी घेऊन तिथे आला होता) आणि दुसरीकडे घरी कापूनकुपून हलक्या केलेल्या फियाट. त्या फियाट आपल्या कुर्ल्याच्या प्रीमियरमधून बाहेर पडलेल्या, म्हणजे मुंबईचा हात तिथपर्यंत पोचला होता, पण ते कोणी लिहित नाही. अशा खिचडीत कोण चांगला ड्रायव्हर आणि कोणाच्या बापाकडे पैसा जास्त हे कळणार कसं? करीने ते ओळखलं. सगळ्यांना एकच गाडी, एकच इंजिन, स्पेअर कुठल्याही गावात मिळणारे. आता काय जिंकायचं ते हाताने आणि पायाने जिंका.

मेकॅनिक म्हणून मला त्यातली गंमत जास्त वाटते ती इंजिन बसवण्याची. मारुती 800मध्ये इंजिन पुढे, आडवं, आणि ताकद पुढच्याच चाकांना. आता तोच अख्खा गोळा, इंजिन गिअरबॉक्ससकट, उचलून ड्रायव्हरच्या पाठीमागे ठेवला तर मागची चाकं फिरवणारी रेसिंग कार तयार होते, वेगळा शाफ्ट नको, महागडा इंपोर्टेड गिअरबॉक्स नको. पाइप वेल्ड करून फ्रेम, वर फायबरची बॉडी, चारही चाकं उघडी. ऐकायला सोपं आहे, पण वजन कुठे पडतं, सस्पेन्शन कुठल्या कोनात लावायचं यात माणूस म्हातारा होतो. आणि ताकद किती, तर मूळ इंजिनची चाळीस घोड्यांच्या आसपास, ट्यूनिंग करून वाढवली तरी फार नाही. कमी ताकदीच्या गाडीत ड्रायव्हरची खरी परीक्षा असते कारण वळणावर वेग एकदा घालवला की तो परत मिळवायला ट्रॅकचा अख्खा सरळ भाग लागतो, म्हणून पोरं ब्रेक कमी मारायला आणि पुढच्या गाडीच्या मागे चिकटून हवा कापायला शिकली.

कोईम्बतूरलाच हे का झालं, तर मला विचाराल तर ते गाव आमच्या गिरणगावाचंच भावंड आहे. सूतगिरण्या, फाउंड्र्या, पंप आणि मोटारी बनवणारे कारखाने, म्हणजे लेथवर हात बसलेली माणसं गल्लोगल्ली. आमच्या लालबागला पण होती. फरक एवढाच की आमच्याकडे 1982च्या संपानंतर गिरण्या आचके देत बंद पडल्या आणि चांगले चांगले टर्नर फिटर वॉचमन झाले, आणि तिकडे त्याच दशकात तशाच हातांनी रेसिंग गाड्या तयार केल्या. असो, विषय तो नाही, पण मनातून जात नाही.

1990ला मद्रासच्या क्लबने श्रीपेरंबुदूरजवळ इरुंगट्टुकोट्टईला पक्का ट्रॅक बांधला, 3.7 किलोमीटरचा, आणि शोलावरम मागे पडलं. मी तिथे एकदा गेलोय, 1994च्या सुमारास, मी आणि माझा एक दोस्त दादर मद्रासमध्ये विदाउट रिझर्व्हेशन दरवाज्यात बसून, सोबत चिवडा आणि एक पाना (पाना कशाला घेतला होता देव जाणे, सवय). ऊन असं की डांबर बुटाला चिकटत होतं. आणि मग त्या गाड्या सुटल्या. तुम्ही मारुतीचा आवाज ऐकलाय ना, शिलाई मशीनसारखा? तो नाही. पंधरावीस तीन सिलेंडर इंजिनं एकदम लालपट्टीला नेऊन सोडली की जो आवाज येतो तो भुंग्यांचं पोळं फुटल्यासारखा असतो, आणि सगळ्या गाड्या सारख्या असल्यामुळे पहिला आणि आठवा यांच्यात श्वास घ्यायलाही जागा नाही. परत येताना दोस्त म्हणाला, आपल्या गॅरेजात जे रोज येतं त्याच इंजिनाने हे केलं, साला आपण नुसते ऑइल बदलत बसलो.

नारायण 1993ला ही गाडी घेऊन रेसमध्ये उतरला, 1996ला फॉर्म्युला आशिया जिंकला, मग इंग्लंड, मग एफ वन. पुढे करुण चंढोकने 2000 साली हीच फॉर्म्युला मारुतीची नॅशनल चॅम्पियनशिप जिंकली आणि 2010ला एचआरटी टीमकडून एफ वनमध्ये पोचला. आजवर भारताचे एफ वन रेसमध्ये उतरलेले ड्रायव्हर दोनच आणि दोघंही त्या 796 सीसीच्या शाळेतले. हे तुमच्या बातमीत यायला हवं होतं. बिचारा करी 1995ला विमान अपघातात गेला, यातलं पुढचं काही त्याने पाहिलं नाही. कोईम्बतूरच्या ट्रॅकला त्याचं नाव आहे, करी मोटर स्पीडवे, 2.1 किलोमीटर, छोटा आणि वळणावळणाचा.

त्यानंतर आली एलजीबीची गाडी. एलजीबी म्हणजे कोईम्बतूरचीच एल. जी. बालकृष्णन कंपनी, तुमच्या बाइकला रोलॉनची चेन असेल तर ती यांची. इंजिन मोठं झालं, 1300 सीसी स्विफ्टचं, पण डोकं करीचंच, सगळ्यांना सारखी गाडी, देशी जुळणी, परवडेल असा खर्च. हीच ती एलजीबी फॉर्म्युला फोर. नावात फोर आहे म्हणून ती एफआयएची फोर होत नाही, जसं वडापावला इंडियन बर्गर म्हटलं म्हणून तो बर्गर होत नाही. एफआयएच्या गाडीचं चासी, म्हणजे सांगाडा, फ्रान्सच्या मायगेल कंपनीचं, कार्बन फायबरचं, मागे टर्बो इंजिन, आणि त्या चॅम्पियनशिपमध्ये सुपर लायसन्सचे पॉइंट मिळतात. एफ वन चालवायला हे लायसन्स लागतं, त्यासाठी 40 पॉइंट लागतात आणि नॅशनल एफ फोर जिंकणाऱ्याला 12, हा खरा फरक. एलजीबीत जन्मभर जिंका, पॉइंट शून्य.

आता मला नवीन फोर वाईट आहे असं म्हणायचं नाही, गैरसमज नको. 2024ला चेन्नईच्या रस्त्यावर रात्री दिव्यांत रेस झाली ती मी टीव्हीवर उशिरापर्यंत जागून पाहिली, बायको म्हणाली आता तरी झोपा. पण पहिल्या सीझनचा चॅम्पियन ऑस्ट्रेलियाचा कूपर वेबस्टर होता, ग्रिडवर बाहेरची पोरं भरपूर, कारण खर्चच तसा आहे. मुंबईचा जेहान दारूवाला कार्टिंग झाल्यावर थेट युरोपात गेला, 2020ला बहारीनच्या साखीरला एफ टूची, म्हणजे एफ वनच्या एक पायरी खालची, रेस जिंकणारा पहिला भारतीय झाला, अभिमान आहेच, पण त्याच्या रस्त्याने परळ लालबागचं पोरगं जाऊ शकत नाही. गेलंच तर ते एलजीबीत जाईल. मुंबईचीच स्नेहा शर्मा विमान उडवायची नोकरी सांभाळून याच एलजीबीच्या ग्रिडवर होती. कोल्हापूरचे मोहिते तर टीम घेऊन तिथे उतरतात. कोल्हापूरकरांना वेगाचं काय वेड आहे ते सांगायला नको. मग ही मराठी माणसं ज्या रेसमध्ये आहेत तिचा निकाल तुमच्या पानावर एक ओळ पण नसतो, आणि दिल्लीजवळच्या बुद्ध सर्किटवर एफ वन 2013नंतर का आली नाही यावर मात्र दर दोन वर्षांनी अर्धं पान. (टॅक्सची भांडणं झाली, यूपी सरकार म्हणालं हा खेळ नाही करमणूक आहे, संपला विषय.)

तर विनंती दोनच. एक, दुरुस्ती छापा, छोटी चालेल, पण करीचं नाव स्पेलिंगसकट बरोबर. दुसरी, नॅशनलचा राउंड झाला की सोमवारी पहिल्या तिघांची नावं द्या, बुद्धिबळाच्या खाली जागा असते, तिथे.

आपला,
एक गॅरेजवाला जुना वाचक,
लालबाग, मुंबई

ता. क. गॅरेजातल्या पोराला हे सगळं सांगितल्यापासून तो भंगारात काढलेल्या एका 800च्या इंजिनाकडे फार वेळ बघत उभा राहतो. गिऱ्हाइकं थांबलीत.