चकचकीत प्रिंट आणि रक्ताचा लाल रंग

मा. संपादक,
स.न.वि.वि.

जुने चित्रपट डिस्कवर किंवा ओटीटीवर नव्याने आले की आपल्या पुरवणीत त्यांची ओळख छापली जाते. ॲक्शन, भय आणि विनोद एकाच हंड्यात शिजवलेल्या रक्तबंबाळ चित्रपटांनाही त्यात जागा मिळते, याचा आनंद आहे. मात्र कथानक सांगून झाल्यावर चित्राच्या दर्जाबद्दल एकच ओळ येते: 'प्रिंट एकदम स्वच्छ, चकचकीत'. या जातीच्या चित्रपटाचे चित्र फार चकचकीत दिसत असेल, तर जाणकाराने आधी संशय घ्यावा. तो का, हे थोडे तपशिलात लिहितो.

सगळा घोळ लाल रंगाचा आहे. व्हिडिओत उजेडाची माहिती वेगळी आणि रंगाची वेगळी साठवतात. उजेडाची पूर्ण ठेवतात, रंगाची फक्त चौथाई. १९२० बाय १०८० ठिपक्यांच्या ब्ल्यू-रेवर रंगाचा नकाशा ९६० बाय ५४० एवढाच असतो. पाल (भारत-युरोपातली टीव्ही पद्धत) डीव्हीडीच्या ७२० बाय ५७६ मध्ये तो ३६० बाय २८८ वर येतो. ४के डिस्कसुद्धा याला अपवाद नाही. एरवी हे खपून जाते, कारण आपला डोळा बारकावे उजेडाच्या फरकातून टिपतो. पण एचडीच्या प्रमाणात शुद्ध लाल रंगाचा उजेडातला वाटा जेमतेम २१ टक्के आहे, हिरव्याचा ७२ च्या आसपास. म्हणजे रक्ताने माखलेली भिंत दाखवायची तर उजेडाची माहिती मुळातच तुटपुंजी, आणि बाकीची मदार त्या चौथाई नकाशावर. त्यातून प्रसंग रात्रीचा असला की एन्कोडर (चित्र दाबून लहान फाइलमध्ये बसवणारे सॉफ्टवेअर) जागा वाचवायला पहिली कात्री तिथेच लावतो. परिणामी शिंतोड्यांच्या कडा पायऱ्यापायऱ्यांच्या दिसतात आणि रक्ताचे थारोळे सपाट लाल ठिगळ होऊन बसते.

पडद्यावरचे रक्त बहुधा कॉर्न सिरपमध्ये लाल आणि किंचित पिवळा खाद्यरंग घालून केलेले असते. पिवळा नसला तर ते गुलाबी मारते. ते ओले वाटते, ते त्यावरच्या सुईच्या टोकाएवढ्या पांढऱ्या चमकांमुळे. त्या चमका पुसल्या की ओले रक्त वाळलेला डिस्टेंपर वाटू लागते, आणि घसरून पडण्याचा विनोद तिथेच मरतो.

या चमका पुसतो कोण? 'स्वच्छता' करणारेच. फिल्मवर काढलेल्या चित्रात ग्रेन असतो, म्हणजे रसायनाचे कण. दर फ्रेमला त्यांची जागा बदलते, म्हणून चित्र किंचित जिवंत, सळसळते दिसते. नॉइज रिडक्शन शेजारच्या फ्रेमची सरासरी काढून हे कण घालवते. कणांबरोबर त्वचेची छिद्रे, कापडाचा पोत आणि फोम लेटेक्सच्या मुखवट्यावरच्या सुरकुत्याही जातात. मग माणूस आणि राक्षस दोघेही सारखेच मेणाचे दिसतात. वर हरवलेला तीक्ष्णपणा परत आणल्याचा आव आणायला कडा धारदार करतात, आणि काळ्या आकृतीभोवती पांढरी बारीक रेघ उमटते. 'प्रीडेटर'ची २०१० मध्ये आलेली ब्ल्यू-रे या रोगाचे नेहमीचे उदाहरण म्हणून सांगितली जाते. जंगलातल्या घामाघूम सैनिकांचे चेहरे तिच्यात प्लॅस्टिकचे झाले आहेत.

याहून लबाड प्रकार धूळ काढणाऱ्या स्वयंचलित सॉफ्टवेअरचा. ते तीन फ्रेम शेजारी ठेवते. जे फक्त मधल्या फ्रेममध्ये आहे, मागे-पुढे नाही, ते धूळ समजून पुसते. आता करवत चालली की रक्ताचा वेगवान थेंब नेमका एकाच फ्रेममध्ये, म्हणजे सेकंदाच्या चोविसाव्या भागात, दिसून जातो. सॉफ्टवेअरला तो थेंब आणि निगेटिव्हवरचा कचरा यांत फरक कळत नाही. ठिणग्या, काचेचे तुकडे आणि पाऊस यांचीही तीच गत. तपासायचे तर अंगावर फवारा उडतो तिथे चित्र थांबवून एकेक फ्रेम पुढे न्यावी. फवारा शरीराजवळ दाट आणि हातभर अंतरावर एकदम गायब, किंवा थेंब अर्धे कापलेले दिसले, तर प्रिंट माणसाने फ्रेम-फ्रेम तपासलेली नाही, यंत्राच्या हवाली केली आहे, असे खुशाल समजावे.

उलट बाजूही सांगायला हवी, कारण परीक्षक कधीकधी भलत्याच गोष्टीवर ताशेरे ओढतात. संगणकपूर्व काळात दोन चित्रे एकत्र आणायची, तर ती ऑप्टिकल प्रिंटरवर पुन्हा छापावी लागत. अशा शॉटमध्ये फिल्मची एक पिढी वाढते, म्हणून तो आजूबाजूच्या शॉटपेक्षा मऊ आणि जास्त कणीदार दिसतो. स्टॉप-मोशनचा, म्हणजे बाहुली फ्रेमगणिक हलवून चालवलेला, सांगाडा आणि खरा नट एका चौकटीत आले, किंवा एक दृश्य दुसऱ्यात विरघळू लागले, की चित्र अचानक खरखरीत होते. तो डिस्कचा दोष नाही. 'प्लॅनेट टेरर'मधले (२००७) ओरखडे तर मुद्दाम पाडलेले आहेत. त्याच्या ब्ल्यू-रेवर ओरखडे नसलेली आवृत्तीही दिली होती. आणि 'ईव्हिल डेड २'मध्ये (१९८७) काळे-हिरवे रक्त दिसले म्हणून टीव्हीचा रंग फिरवू नये. अमेरिकेत एक्स (फक्त प्रौढांसाठी) दर्जा मिळू नये म्हणून केलेली ती युक्ती होती.

आता लांबीबद्दल. अशा चित्रपटांवर जागोजागी कात्री चाललेली असते, त्यामुळे किती मिनिटांची आवृत्ती पाहिली हे न लिहिता केलेले परीक्षण अर्धवट राहते. पीटर जॅक्सनचा 'ब्रेनडेड' (१९९२) मूळ १०४ मिनिटांचा आहे. अमेरिकेत तो 'डेड अलाइव्ह' नावाने आला, तेव्हा आर दर्जाची (मुलांना मोठ्यांसोबतच प्रवेश) आवृत्ती ८५ मिनिटांची निघाली आणि अनरेटेड, म्हणजे दर्जा न घेतलेली, म्हणून विकली गेलेली ९७ मिनिटांची. वेष्टनावर अनरेटेड छापले आहे म्हणजे सगळे शाबूत आहे, असा अर्थ कोणी काढू नये.

लांबी मोजताना एक गफलत हमखास होते. पाल डीव्हीडीवर सेकंदाला २४ फ्रेमचा चित्रपट २५ च्या वेगाने पळतो. त्यामुळे १०४ मिनिटे १०० मिनिटांत संपतात, एकही फ्रेम न कापता. हिशोब सोपा आहे: मूळ लांबीला ०.९६ ने गुणावे. डिस्कवर ९३ मिनिटे भरली, तर ती ९७ वाली आवृत्ती. या वेगाने आवाजही वर चढतो, अर्ध्या स्वराहून थोडा कमी. किंकाळ्यांत ते लपते, पण पार्श्वसंगीतात आणि जड आवाजाच्या नटात चटकन कळते.

चांगली डिस्क असूनही घरी चित्र बिघडते, ते टीव्हीच्या कारखान्यातून आलेल्या सेटिंगमुळे. मुळातला मोड बदलावा: सिनेमा, मूव्ही किंवा फिल्ममेकर. त्यानंतर मोशन स्मूदिंग पूर्ण बंद. हे सर्वांत महत्त्वाचे, कारण मारामारी वेगवान दिसावी म्हणून काही शॉट कमी फ्रेमवर चित्रित केलेले असतात, आणि टीव्ही मधल्या फ्रेम स्वतः बनवू लागला की त्या झटक्यांची गंमत जाऊन सगळे मालिकेच्या चित्रीकरणासारखे गुळगुळीत होते. नॉइज रिडक्शन दोन-तीन नावांनी लपलेले असते, सगळी बंद करावीत. शार्पनेस तटस्थ जागी आणावा. काही संचांत ती जागा शून्य असते, काहींत मध्यावर. कडांभोवतीची पांढरी रेघ नाहीशी होईपर्यंत खाली आणला की झाले. ओव्हरस्कॅन बंद नसेल, तर चौकटीच्या कडेचा भाग कापला जातो, आणि या चित्रपटांत कडेतूनच हात येतो.

काळ्या रंगाची तक्रार सर्वांत जास्त ऐकू येते: 'तळघरात काहीच दिसत नाही.' इथे ब्राइटनेसला हात घालण्याआधी प्लेअर आणि टीव्ही यांची रेंज जुळते का, ते पाहावे. व्हिडिओत काळा १६ वर आणि पांढरा २३५ वर असतो. संगणकी रेंज ० ते २५५. प्लेअर ० ते २५५ पाठवतो आणि टीव्ही १६ ते २३५ धरून बसला आहे, अशी गाठ पडली की सावलीतले सगळे काळ्यात बुडते. उलटे झाले तर काळा राखाडी पडतो. दोन्हीकडे लिमिटेड (१६ ते २३५) ठेवणे बरे. रेंज जुळल्यावर चित्राच्या वर-खालच्या काळ्या पट्ट्या पाहत ब्राइटनेस त्या राखाडी दिसेपर्यंत वाढवावा, मग त्या जेमतेम काळ्या होतील इतपत उतरवावा. खोली अंधारी करूनच हे करावे. आणि रक्त जास्त लाल दिसावे म्हणून कलर वाढवू नये. आधी नटांचे चेहरे भाजल्यासारखे होतात, मग लाल भागातले उरलेसुरले बारकावेही जातात. संगणकावर डीव्हीडी पाहताना लाल नारिंगीकडे झुकला, तर प्लेअर सॉफ्टवेअर तिच्यावर एचडीचे रंगगणित लावत आहे. ते ६०१ वर, म्हणजे डीव्हीडीच्या रंगगणितावर, आणावे.

ओटीटीची अडचण वेगळी. ब्ल्यू-रेला चित्रासाठी सेकंदाला ४० मेगाबिटपर्यंत मुभा असते, डीव्हीडीला ९.८. ओटीटीवर फुल एचडी चित्र सहसा ५ ते ८ मेगाबिटमध्ये उरकतात. संवादाच्या शांत दृश्यांना तेवढे पुरते. पण धुके, बंदुकीचे लखलखाट आणि ग्रेन यांत दर फ्रेम मागच्या फ्रेमहून वेगळी निघते, एन्कोडरचा अंदाज चुकतो, आणि धुक्यात चौकोन व पट्टे उमटतात. हेडलाइटच्या उजेडातले धुके ही माझ्या मते सगळ्यात कडक परीक्षा आहे.

४केबद्दल थोडक्यात. मूळ निगेटिव्हचा नवा स्कॅन असेल, तर पैसे वसूल. पण २००० नंतरच्या अनेक चित्रपटांची अंतिम प्रत २केमध्येच (आडवे सुमारे दोन हजार ठिपके) तयार झाली, तिथे ठिपके वाढवून तपशील वाढत नाही. फायदा होतो तो १० बिट रंगाचा, आणि गडद लाल छटांना तो खरोखर लागतो. टीव्हीचा उजेड कमी असेल, तर एचडीआरपेक्षा (उजेड-अंधाराचा जास्त पल्ला असलेल्या चित्रापेक्षा) साधी ब्ल्यू-रे जास्त नीट दिसते. मुखवट्याचा सांधा, विगची जाळी किंवा तार ४केमध्ये दिसली म्हणून नाक मुरडण्याचे कारण नाही. विनोदी भयपटात ती हस्तकला दिसलेलीच बरी.

आवाजाकडे तर परीक्षणात कोणी वळतच नाही. जुना मोनो किंवा स्टिरिओ ट्रॅक वाढवून ५.१ (पाच स्पीकर आणि एक खालच्या आवाजाचा) करताना गोळ्यांचे आणि चिरफाडीचे आवाज कधीकधी नव्याने भरतात. मूळ ट्रॅक डिस्कवर आहे की नाही, हे लिहावे. टीव्हीच्या दोन स्पीकरवर ५.१ ऐकताना खालचा घुमणारा आवाज असलेली एलएफई वाहिनी सहसा वगळली जाते, म्हणून स्फोट फुसका निघतो. अशा वेळी मेन्यूतून स्टिरिओ ट्रॅक निवडावा. ५.१ चा संच असल्यास मधला स्पीकर २-३ डेसिबल वाढवला की करवतीच्या गोंगाटातही टोमणे ऐकू येतात.

तेव्हा आपल्या परीक्षकांना विनंती एवढीच, की शेवटच्या ओळीत 'स्वच्छ' या शेऱ्याऐवजी आवृत्तीची मिनिटे, चौकटीचे प्रमाण, स्कॅन कशावरून केला आणि मूळ आवाज आहे का, हे छापावे. यातले बरेचसे वेष्टनाच्या मागेच मिळते. मिनिटे मात्र वेष्टनावरून उतरवू नयेत. ती कधीकधी चुकीची छापलेली असतात, म्हणून प्लेअरच्या पडद्यावर पाहूनच लिहावीत.

आपला,
एक वाचक